स्वस्त लॅपटॉप : घेण्यापूर्वी थोडा विचार
(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)





मंडळाच्या चिटणीसांनी या मेळाव्यात बोलण्याविषयी विचारले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरीने बँकेतील लिपिक. संगणकाचे आम्ही तज्ज्ञ नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "तज्ज्ञ नकोच आहे. मुलाला स्वस्तातला लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घेऊ, असं दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. तुमची एकदा फसगत झालीय आणि दुसऱ्यांदा तुम्ही नीट चौकशी करून घेतलाय. तेवढंच सांगा." फसगतीचा अनुभव सांगायचा तर पदवी लागत नाही. म्हणून आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

विषय किरकोळ वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात घर आणि लग्नकार्य सोडले तर एकरकमी होणारा हा मोठा खर्च असतो. कोणी सोसायटीचे कर्ज काढतो, कोणी भिशीची पाळी लावून घेतो, कोणी दिवाळीचा बोनस बाजूला ठेवतो. तो पैसा मुलांच्या शिक्षणासाठी असतो. त्यातून आलेली वस्तू दोन वर्षांत कपाटावर जाऊन बसली तर पैसा जातोच, शिवाय शिक्षणाच्या ऐन मोक्याच्या वेळी मुलाचा हात रिकामा राहतो. आमच्या घरी नेमके तेच घडले.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आमची मुलगी नववीत गेली होती. घरात मोबाईल एकच आणि तो आमच्याबरोबर शाखेत जायचा. तेव्हा आम्ही हप्त्यावर एक लॅपटॉप घेतला. अकरा इंची पडदा, वजनाला हलका, दिसायला सुबक, किंमत अठरा हजारांच्या आत. दुकानदाराने चालू करून दाखविला, गाणे लावून दाखविले. आम्ही खूष झालो. त्याच्या खोक्यावर '४ जीबी' आणि '३२ जीबी' असे दोन आकडे होते. त्यांचा अर्थ आम्ही विचारला नाही, त्यानेही सांगितला नाही.

पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षापासून पडद्यावर रोज एकच सूचना येऊ लागली की जागा अपुरी आहे. मुलीने आपले फोटो पुसले, गाणी पुसली, शेवटी धड्यांच्या फायलीही पेनड्राईव्हवर हलविल्या, तरी ती सूचना जाईना. यंत्र चालू होऊन कामास लागेपर्यंत आमच्या सौभाग्यवतींचा चहा होऊन जायचा. २०२४ च्या आरंभी मुलगी बारावीत असताना प्रवेश परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी ती संध्याकाळी सहाला बसली. फोटो आणि सही चढविताना यंत्र गोठले. पुन्हा चालू केले तर विंडोज आपले अपडेट बसवीत राहिले आणि ते बसेना. साडेआठ वाजता मुलगी उठली आणि म्हणाली, "पप्पा, राहू द्या. मी मैत्रिणीकडे जाऊन भरते." तिने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. आम्ही तिला स्कूटरवर बसवून नेले. त्या घरातली मंडळी जेवायला बसलेली, त्यांच्या जेवणात व्यत्यय आणून अर्ज भरला गेला. परत येताना दोघेही काही बोललो नाही. ज्या वस्तूसाठी बारा हप्ते भरले ती वस्तू नेमक्या त्या दिवशी उपयोगी पडली नाही, एवढेच मनात घोळत होते.

मित्रहो, चूक स्वस्त घेण्याची नव्हती. आम्हांस परवडणार होते तेच आम्ही घेतले. चूक ही की यंत्राकडून काम कोणते घ्यायचे आणि ते किती वर्षे घ्यायचे, हे न ठरविता आम्ही किंमत ठरविली. आज आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. लॅपटॉप आज दुकानात चालतो की नाही हे पाहून घेऊ नका. तो चौथ्या वर्षी आपल्या मुलाचे काम करील की नाही, हे पाहून घ्या.

हे कसे पाहायचे? आमच्या धंद्यातलेच उदाहरण देतो. बँकेच्या शाखेत कारकून असतो, त्याच्यापुढे टेबल असते आणि मागे रेकॉर्डची खोली असते. लॅपटॉपमधील प्रोसेसर म्हणजे तो कारकून, रॅम म्हणजे टेबल आणि स्टोरेज म्हणजे रेकॉर्डची खोली. कारकून कितीही चपळ असला तरी टेबल वीतभर असेल तर प्रत्येक कागदासाठी त्याला उठून आत जावे लागते. आणि रेकॉर्डची खोली भरलेली असेल तर नवा कागद ठेवायलाही जागा नसते. आमच्या यंत्रात कारकून मंद, टेबल लहान आणि खोली भरलेली, असे तिन्ही दोष एकत्र आले होते.

प्रथम त्या खोलीचे पाहू. खोक्यावर ६४ जीबी लिहिलेले असले तरी विंडोजमध्ये ते सुमारे ५९ जीबी दिसतात, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. ३२ चे दिसतात सुमारे २९. त्यातले वीस जीबीच्या आसपास विंडोज स्वतःच घेते, वर अपडेटसाठी काही जागा राखून ठेवते. मग विद्यार्थ्याला उरते काय? विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशी अट घातली आहे. या किमान अटीवर विंडोज चालू होते, परंतु सुखाने काम होत नाही. आमच्या मते विंडोजचा लॅपटॉप घेणार असाल तर ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज याच्या खाली जाऊ नये.

त्या खोलीचा प्रकारही विचारावा. स्वस्त यंत्रात बहुधा 'ईएमएमसी' नावाची चिप बसविलेली असते. मोबाईलसारखी ती मुख्य पाटीलाच जोडलेली असते, म्हणून ती बदलता येत नाही. 'एसएसडी' असेल तर ती वेगवान असते आणि बहुतेक यंत्रांत स्क्रू काढून मोठी बसविता येते. दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारा : "यात ईएमएमसी आहे की एसएसडी?" ज्या दुकानदाराला याचे उत्तर येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरी बाब टेबलाची, म्हणजे रॅमची. ती वाढविता येते का, हे आधी विचारा. काही यंत्रांत रॅमसाठी मोकळी खाच असते, काहींत रॅम पाटीवरच डाख देऊन पक्की केलेली असते. पक्की असेल तर जी घ्याल तीच शेवटपर्यंत. आता ४ घेऊ आणि पुढे पैसे आले की वाढवू, असा हिशेब पुष्कळजण करतात. खाच नसेल तर तो हिशेब कागदावरच राहतो. शिवाय २०२५ च्या उत्तरार्धात जगभर मेमरीचे भाव चढले, हेही लक्षात ठेवावे.

तिसरी बाब कारकुनाची. येथे नावावर जाऊ नये. इंटेलचा सेलेरॉन एन ४०२० हा २०१९ चा, दोनच कोअरचा प्रोसेसर अनेक वर्षे स्वस्त यंत्रांत येत राहिला. त्याच वर्गातला एन १०० हा २०२३ च्या आरंभी आला. त्यात चार कोअर आहेत. दोघेही स्वस्तच, परंतु कामात फरक पुष्कळ. एएमडीच्या रायझन ३ ७३२०यू चे उदाहरण घ्या. आकडा सातापासून सुरू होतो म्हणून तो फार नवा वाटतो. परंतु त्या आकड्यातला तिसरा अंक पाहा, तो २ आहे. याचा अर्थ आतील रचना झेन २ म्हणजे २०१९ ची आहे. घरगुती कामास तो वाईट नाही, परंतु त्याच्या यंत्रांत रॅम पाटीवर पक्की असते. म्हणून हा प्रोसेसर घ्यायचा तर ८ जीबीचाच घ्यावा. पासबुकावर पहिले पान चकचकीत असते, पण शिल्लक आतल्या पानावर असते, तसाच हा प्रकार आहे.

स्वस्त संगणकाचे स्वप्न आजचे नाही. २००५ साली अमेरिकेतील निकोलस निग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरचा लॅपटॉप प्रत्येक मुलाच्या हाती देण्याची कल्पना मांडली. २००७ मध्ये तो प्रत्यक्ष तयार झाला तेव्हा किंमत दोनशे डॉलरच्या घरात गेली होती. त्याच वर्षी आपल्या रायगड जिल्ह्यातील एका लहान गावच्या शाळेत तो मुलांच्या हाती देऊन पाहिला गेला. यंत्र काटक होते, उन्हातही वाचता येईल असा त्याचा पडदा होता. पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र शासनाने 'आकाश' टॅबलेट आणला. शासनाला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडला. सात इंची पडदा, २५६ एमबी रॅम आणि ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. बोट जोराने दाबल्याशिवाय पडदा ऐकत नसे. हेतू थोर होता, त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु आधी किंमत जाहीर करायची आणि त्या किमतीत जे बसेल ते आत भरायचे, असे झाले की विद्यार्थ्याच्या कामाचा विचार मागे पडतो. शासनाच्या हातून हे होते, तसेच ते आमच्या घरीही झाले.

मागच्या वर्षी आमचा मुलगा दहावी होऊन वाणिज्य शाखेत गेला आणि पुन्हा लॅपटॉपचा विषय निघाला. या वेळी आम्ही घाई केली नाही. जेवणाच्या टेबलावर बसून त्याच्याकडून एका कागदावर लिहून घेतले की तुझे काम कोणते. त्याने लिहिले : व्याख्याने पाहणे, पुस्तकांच्या पीडीएफ वाचणे, एक्सेल, टॅली शिकणे, मराठी आणि इंग्रजी टायपिंगचा सराव, अर्ज भरणे. मुलीनेही आपले दोन मुद्दे जोडले. तो कागद खिशात घालून आम्ही चार दुकाने फिरलो. आमच्यापुढे तीन मार्ग होते, तेच आपल्यापुढेही असतील.

पहिला मार्ग मोबाईलच्या जातीच्या लॅपटॉपचा. याचे चांगले उदाहरण म्हणजे २०२३ च्या जुलैअखेर १६,४९९ रुपयांना जाहीर झालेले जिओबुक. ११.६ इंची पडदा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, वजन अवघे ९९० ग्रॅम आणि आत मोबाईलमधला मीडियाटेकचा प्रोसेसर. त्यावर विंडोज नाही, अँड्रॉइडवर आधारलेली जिओची स्वतःची प्रणाली आहे. अशी प्रणाली अंगाने हलकी असल्यामुळे ४ जीबीतही तिचे भागते. आठवी-नववीच्या मुलाला ई-बालभारतीची पुस्तके वाचायची आहेत, दीक्षावरील धडे किंवा स्वयंवरील व्याख्याने पाहायची आहेत, निबंध लिहायचा आहे, तर असे यंत्र पुरे पडेल. परंतु विंडोजसाठी केलेले प्रोग्राम त्यावर बसत नाहीत. टॅली शिकणाऱ्या आमच्या मुलाला ते निरुपयोगी होते.

क्रोमबुक हे याच कुळातले. त्याचे बहुतेक काम इंटरनेटवर चालते, म्हणून घरी जोडणी भरवशाची हवी. त्याला गुगलकडून अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार ते आधी ठरलेले असते. २०२३ मध्ये गुगलने ही मुदत दहा वर्षांची केली. परंतु ती मोजली जाते त्या जातीचे यंत्र प्रथम बाजारात आले तेव्हापासून, आपण विकत घेतले तेव्हापासून नव्हे. सवलतीत मिळणारे क्रोमबुक जुन्या जातीचे असेल तर त्यातली काही वर्षे आधीच सरलेली असतात. ठेवपावतीवर मुदत पाहतो तशी ही तारीख पाहावी.

दुसरा मार्ग नव्या, विंडोजच्या, कमी किमतीच्या लॅपटॉपचा. त्याविषयी वर सांगितलेच. दोन गोष्टी आणखी विचाराव्यात. विंडोज 'एस मोड'मध्ये आहे का? असेल तर त्यावर मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलेच प्रोग्राम बसतात. हा मोड विनामूल्य बंद करता येतो, पण एकदा बंद केला की पुन्हा चालू होत नाही. आणि बरोबर येणारे ऑफिस कायमचे आहे की महिन्याभराच्या चाचणीचे? चाचणीचे असेल तर घाबरू नका. लिबरऑफिस विनामूल्य आहे आणि त्यात पत्रे, तक्ते, सादरीकरणे सर्व होते. दुकानदार 'फुकटात टाकून देतो' म्हणतो ते चोरीचे ऑफिस मात्र घेऊ नका. त्यातून व्हायरस येतात, आणि त्याच यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करणार असतो.

तिसरा मार्ग जुन्या यंत्राचा. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. ती यंत्रे दुरुस्त करून पुन्हा विक्रीस येतात. त्यांची बांधणी मजबूत असते, कीबोर्ड चांगला असतो, रॅम आणि एसएसडी बहुधा बदलता येते. परंतु येथे एक मोठी खबरदारी घ्यावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. विंडोज ११ अधिकृतपणे घ्यायचे तर इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. बाजारात सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे फार स्वस्त दिसतात त्याचे हेही एक कारण आहे. ती घेऊच नयेत असे नाही. त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबंटू विनामूल्य बसते आणि मराठीही त्यात लिहिता येते. केरळातील सरकारी शाळांत अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकविला जातो. परंतु टॅलीसारखा विंडोजचाच प्रोग्राम लागत असेल तर तो मार्ग सोपा नाही.

आम्ही अखेर हा तिसरा मार्ग धरला. आठव्या पिढीचा आय ५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, चौदा इंची पडदा, किंमत २२,५०० रुपये, सहा महिन्यांची दुकानाची हमी. त्याचे गुण सांगतो आणि दोषही सांगतो. बटण दाबल्यापासून वीसेक सेकंदांत तो कामास लागतो. टॅली, एक्सेल आणि व्याख्यान एका वेळी चालते. उलट बाजू अशी की बॅटरी सव्वादोन तासांवर जात नाही, चार्जर जड आहे, कॅमेरा धूसर आहे आणि 'ए'चे बटण झिजून गुळगुळीत झाले आहे. मुलाला आरंभी थोडे खट्टू वाटले, कारण त्याच्या मित्रांकडे नवे होते. आता त्याची तक्रार नाही. मुलीने तो हाताळून पाहिला आणि म्हणाली, "मला तेव्हा हा मिळाला असता तर!" आम्ही काय बोलणार?

विद्यार्थी मित्रांनो, दुकानात गेल्यावर पुढील गोष्टी स्वतःच्या हातांनी करून पाहा. विक्रेता उभा राहील, लाजू नका.

एक, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावयास सांगा आणि घड्याळ पाहा.

दोन, ब्राउझरमध्ये दहा पाने उघडा, एकात व्हिडिओ लावा आणि मग एक पीडीएफ वाचा. अडखळते का ते पाहा.

तीन, सेटिंगमध्ये 'अबाउट' उघडून रॅम आणि प्रोसेसर खोक्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहा.

चार, दहा ओळी टाईप करा. मराठीच्या तीस आणि इंग्रजीच्या चाळीस शब्दांच्या टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्याला ही बाब फार महत्त्वाची आहे. अकरा इंची यंत्रात बटणे दाटीवाटीने असतात. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये आधीच असतो, तो चालू करून युनिकोडमध्ये लिहून पाहा.

पाच, पडदा बाजूने आणि वरून पाहा. रंग उलटे दिसत असतील तर चौघांनी मिळून व्याख्यान पाहता येणार नाही. १३६६ गुणिले ७६८ ऐवजी १९२० गुणिले १०८० चा पडदा मिळाला तर अक्षर रेखीव दिसते. रोज पाच तास वाचायचे असेल तर डोळ्यांच्या दृष्टीने हा खर्च सार्थकी लागतो.

सहा, बॅटरी तासांत विचारू नका, वॅट-अवरमध्ये विचारा. ३८ वॅट-अवरची बॅटरी आणि यंत्र सरासरी ८ वॅट खात असेल तर ३८ भागिले ८, म्हणजे पावणेपाच तास. जुने यंत्र असेल तर "बॅटरी रिपोर्ट काढून दाखवा" म्हणा. मूळ क्षमता किती होती आणि आता किती उरली, हे त्यात स्पष्ट येते.

सात, कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे की दुसऱ्या शहरात, हे विचारा. आणि पक्की पावती घ्या. तक्रार उद्भवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे, परंतु पावती नसेल तर बोलणार कशाच्या आधारावर?

आता थोडे आमच्या खात्यातले. हप्त्यावर घेणे वाईट नाही. परंतु 'बिनव्याजी हप्ता' या शब्दास भुलू नका. शून्य टक्के व्याज असे काही मुळात नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. समजा, २४,००० रुपयांचा लॅपटॉप बारा हप्त्यांत, पंधरा टक्के दराने घेतला. हप्ता सुमारे २,१६६ रुपये येतो आणि व्याज एकूण दोन हजारांच्या आसपास. 'बिनव्याजी' म्हणजे हे व्याज किमतीत सूट म्हणून आधी वजा केलेले असते. ती सूट रोखीने घेणाऱ्याला मिळते का, हे विचारून पाहा. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातील व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणात साडेतीनशेच्या वर, शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळे. हा पैसा थोडा असला तरी तो आपलाच आहे.

दुसरा हिशेब अधिक महत्त्वाचा. अठरा हजारांचे यंत्र दोन वर्षे चालले तर वर्षाला नऊ हजार पडले. तीस हजारांचे पाच वर्षे चालले तर वर्षाला सहा हजार. महाग वाटणारे यंत्र येथे स्वस्त पडते. विजेची काळजी मात्र करू नका. सरासरी १५ वॅट धरून रोज पाच तास चालविले तरी महिन्याला सव्वादोन युनिटच होतात.

एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. 'शासनातर्फे मोफत लॅपटॉप' असे संदेश मोबाईलवर फिरत असतात. असे अनेक संदेश खोटे असल्याचे शासनाच्या पत्र सूचना कार्यालयाने वेळोवेळी जाहीर केले आहे. त्या दुव्यावर नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक भरला की लॅपटॉप मिळत नाहीच, खाते मात्र रिकामे होण्याचा धोका असतो. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० क्रमांकावर कळवा आणि आपल्या शाखेत या.

शेवटी मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. सर्वांनाच स्वतंत्र लॅपटॉप घेणे शक्य नाही आणि प्रत्येकाला तो दिवसभर लागतही नाही. दहा घरांनी कर्ज काढून दहा तोकडी यंत्रे घेण्यापेक्षा मंडळाने आपल्या अभ्यासिकेत चार चांगली यंत्रे ठेवावीत. आठव्या पिढीच्या पुढची, एसएसडी असलेली, जुनी घेतली तरी चालतील. अर्ज भरण्याच्या दिवसांत अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी. देखरेखीची पाळी आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही स्वतः घेऊ. तसेच कोणी लॅपटॉप घ्यायला निघाले तर दुकानात जाण्यापूर्वी एकदा येथे येऊन विचारावे. आपल्यातलीच संगणक शिकलेली दोन मुले आणि आमच्यासारखा फसलेला एक माणूस एवढ्यावर हे काम चालेल.

आमचे ते पहिले यंत्र अजून घरी आहे. त्यावरील विंडोज काढून मुलीने लहानशी लिनक्स प्रणाली बसविली आहे आणि आमच्या सौभाग्यवती त्यावर पाककृती वाचतात. ते अगदीच वाया गेले असे म्हणवत नाही. परंतु ज्या मुलीसाठी ते घेतले तिच्या कामी ते आले नाही, ही गोष्ट उरतेच. आपल्यापैकी एका जरी पालकावर मुलाला घेऊन रात्री साडेआठला दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची वेळ आली नाही, तर आमचे हे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.



जयभीम.